डागांसकट इस्त्री

आमच्या घराण्यातली पहिली पदवी मी घेतली आणि पहिली जळकी मोटारही मीच उघडली. या दोन गोष्टींचं एकमेकींशी पटायला मात्र एक अख्खा उन्हाळा गेला.

घनसावंगी तालुक्यातलं आमचं गाव. आई-वडील दोघंही रोजाने शेतात जायचे. शाळेत असताना माझ्याकडे गणवेशाचा एकच जोड होता. आई तो रोज संध्याकाळी धुवायची, चुलीजवळ वाळवायची आणि सकाळी तांब्यात निखारे भरून तो तांब्या शर्टावरून फिरवायची. चौथीत असताना सव्वीस जानेवारीला गुरुजींनी मला सगळ्या शाळेपुढे उभं केलं, माझी कॉलर दोन बोटांनी वर उचलली आणि म्हणाले, "ही कॉलर बघा. हिच्यावर एक डाग दाखवा आन् माझ्याकडून पेन घेऊन जा."

पेन कोणालाच मिळालं नाही. फाटकाशी उभ्या असलेल्या बायांमध्ये माझी आई होती. तिला लिहिता-वाचता येत नाही. पण मला वाटतं, त्या दिवशी तिला तिचं प्रमाणपत्र मिळालं, आणि पुढची सगळी वर्षं ती ते रोज नव्याने मिळवत राहिली. मी बी.ए. झालो त्या आठवड्यात तिने विजेची इस्त्री विकत घेतली. माझ्यासाठी नव्हे, पदवीसाठी.

पदवीनंतर वर्षभर मी परीक्षा देत होतो. त्या परीक्षा माझ्याशिवाय इतर सगळ्यांनाही द्यायच्या असत. मग कॉलेजातल्या एका सरांनी नवीन जालन्यातल्या एका प्रशिक्षण केंद्राचं पत्रक हातात दिलं. तीन महिने, फुकट, पंप-मोटार दुरुस्ती आणि वाइंडिंग. मी जालन्यातच मस्तगडला चार पोरांच्यात एक खोली धरली आणि रोज तिथून केंद्रावर जाऊ लागलो. त्या पत्रकाबद्दल आणि त्या सरांबद्दल मला आजही कृतज्ञता वाटते. हे आधीच सांगतो, कारण पुढे मी केंद्राची थोडी थट्टा करणार आहे.

जळालेल्या मोटारीतली जुनी तार काढून त्या जागी नवी तांब्याची तार बसवायची, याला आमच्याकडे मोटार भरणं म्हणतात. केंद्रात भरण्यासाठी मोटार एकच होती आणि शिकणारे आम्ही तीस. एकाने भरायची, दुसऱ्याने उकलायची. महिन्याभरात त्या तारेला इतक्या गाठी आणि मुरड्या पडल्या की ती आपोआप वेटोळी होऊन बसायची. आमचे शिकवणारे सर मुळात मिस्त्री होते. मी सगळं वहीत उतरवून घ्यायचो, लाल पेनने अधोरेखित करायचो. एकदा वही हातात घेऊन ते म्हणाले, "वही तुझी झकास भरली. आता मोटार भर."

आठवड्यातून एकदा एक मॅडम व्यक्तिमत्त्व शिकवायला यायच्या. त्यांनी सांगितलं, गिऱ्हाईक आधी माणसाचे कपडे बघतं, मग काम. शर्ट खोचलेला हवा, केस विंचरलेले हवेत, आणि समोर येईल त्याला हसून म्हणायचं, "मी आपली काय मदत करू?" वहीत हे वाक्य मी लाल पेनने दोनदा अधोरेखित केलं. मागे बसलेले आमचे मिस्त्री-सर आपल्या काळ्या नखांकडे बघत बसले. तेव्हा मी त्यांच्याकडे बघायला हवं होतं.

परीक्षेत माझा पहिला नंबर आला. प्रमाणपत्र घेऊन गावी आलो, तर दुकानाला जागा नव्हती. आमच्या फाट्यावर मामांचं पत्र्याचं एक शेड रिकामं होतं. मामांच्या मनात तिथे रसवंती टाकायची होती. भर उन्हाळा, चारी बाजूंनी ऊस, एस.टी.ची वाट बघणारी माणसं; रसवंतीच्या बाजूने बोलायला खूप काही होतं. माझ्या बाजूने फक्त आई बोलली. मामा तिचे धाकटे भाऊ.

"आखितीपर्यंत देतो," मामा म्हणाले. "तवर एक जरी मोटार तुझ्या हातून भरून चालू झाली, तर शेड तुझं. न्हाई झाली तर आखितीला माझा चरक बसला म्हणून समज. बराबर?"

"बराबर," मी म्हणालो. अक्षय्य तृतीयेला सहा आठवडे होते. उन्हाळ्यात आमच्या भागात मोटारी अशा जळतात की काही सांगायला नको. मला वाटलं, सहा दिवस पुरे.

दुकानाची पाटी रंगवणाऱ्याने स्वतःच्या मनाने माझ्या पदवीला मोटारीपेक्षा मोठी अक्षरं दिली. वर ठळक "बी.ए.", खाली बारीक "मोटार वाइंडिंग". मी धुतलेला, नीळ दिलेला, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट खोचून पाटीखाली उभा राहिलो. पहिलं गिऱ्हाईक आलं. मी हसून म्हणालो, "मी आपली काय मदत करू?"

त्याने पिशवीतून पीकविम्याचा अर्ज काढला. "एवढा भरून द्या, साहेब."

मी भरून दिला. नाही कसं म्हणणार? दुसरा आधार कार्डावरची जन्मतारीख दुरुस्त करायला आला. तिसऱ्याला मुलीच्या शिष्यवृत्तीचं बघायचं होतं. आठवडाभरात माझ्या टेबलावर एवढे कागद जमले की पकड आणि छिन्नी शोधावी लागे. त्यांचा वापर मी कागद उडू नयेत म्हणून करत होतो.

मोटारवाले येतच नव्हते असं नाही. एकदा एक शेतकरी मोटारसायकलला मोटार बांधून थांबला. त्याने आत डोकावून माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागे पाहिलं.

"मिस्त्री कुठं गेलेत?"

"मीच आहे मिस्त्री."

त्याने माझी कॉलर पाहिली. "बरं. ते आल्यावर सांगा, येऊन गेल्तो म्हणून."

आणि तो पुढच्या फाट्यावर गेला. तिथे एक जुने मिस्त्री बसत. त्यांच्या शर्टाचा मूळ रंग कोणता, यावर गावात दोन मतं होती. त्यांच्या दारात मोटारींची रांग लागायची. आमच्याकडे मोटार भरायला दिली की मालक घरी जात नाही. तो मिस्त्रीसमोर डबा उपडा घालून बसतो, तार तांब्याचीच घातली ना, जुनी ठेवून दिली नाही ना, हे डोळ्यांनी बघतो. त्या जुन्या मिस्त्रींसमोर असे तीन-तीन मालक डबे घालून बसलेले मी एस.टी.तून पाहायचो आणि मला वाटायचं, एक तरी माणूस माझ्यासमोर असा अविश्वासाने बसावा.

दर चार दिवसांनी मामा यायचे. हातात सुताची दोरी. ते शेडची लांबी मोजायचे, रुंदी मोजायचे, मग दारात उभे राहून म्हणायचे, "चरक इथं. बाकडं तिथं. भाचे, तुमचा टेबल जरा सरकवता का? नुसतं बघायचंय." मी टेबल सरकवायचो. मामा पाच मिनिटं रसवंती बघून परत जायचे.

शेवटी माझ्या लक्षात आलं की माझा घोटाळा कपड्यांत आहे. शेजारच्या गॅरेजवाल्याकडून मी वापरलेलं ऑइल वाटीभर आणलं. एक जुना शर्ट घेऊन त्यावर छातीला, बाहीला, कॉलरला नीट लावलं. पहिल्यांदा ते फार सारखं लागलं, नक्षी काढल्यासारखं. मग जमिनीवर लोळवून घेतलं. घरून पांढऱ्या शर्टात यायचं आणि दुकानात हा चढवायचा, असं ठरवलं. आईला सांगितलं नाही. परीक्षेत कॉपी करणाऱ्या मुलालाही त्या दिवशी माझ्याइतकी धाकधूक झाली नसेल.

पहिल्याच दिवशी अर्जवाले एक काका आले. मला बघून दारातच थबकले.

"साहेब, पडलात का कुठं?"

"नाही काका. मोटारीचं काम करून राह्यलो."

"कोणती मोटार?" काकांनी रिकाम्या शेडभर नजर फिरवली. मग आवाज उतरवून म्हणाले, "घरी काही झालं का? माय बोलली का काही?"

तरी पण मला आशा होती. चार दिवस लोकांना सवय झाली असती. पण तिसऱ्या दिवशी मी बँकेत गेलो असताना आई भाकरी घेऊन दुकानात आली आणि खुंटीवरचा तो शर्ट तिला दिसला. संध्याकाळी घरी गेलो तेव्हा ती दगडावर बसून त्याला ब्रशने घासत होती. आधी रॉकेल लावलं होतं, मग सोडा, मग साबण. तिचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते.

"असा कसा अंगात घालतू तू?" ती म्हणाली. "लोक काय म्हणतील, ग्रॅज्युएट पोराचे कपडे आईला धुणं होईना?"

सकाळी शर्ट तयार होता. कोपऱ्यात एक ठिपकासुद्धा नव्हता. बाहीला धार आली होती. त्या शर्टाचा रंग इतका हिरवा होता हे मला तेव्हा कळलं. वडील ओट्यावर बसून हे बघत होते. ते कमी बोलतात. ते एवढंच म्हणाले, "तिच्यापुढं ऑइलचं काही चालत न्हाई. तुझं काय चालणार?"

अक्षय्य तृतीयेला दोन दिवस राहिले. मामांनी चरक ठरवला होता. आदल्या दिवशी घेऊन येणार, म्हणाले. मी कागद आवरत बसलो होतो. तेवढ्यात काळी-पिवळी जीप दारात थांबली आणि तिच्यातून गुरुजी उतरले. तेच, कॉलरवाले. आता निवृत्त झालेत, दोन एकर ऊस आहे. हातात पीकविम्याचा अर्ज होता. आणि जीपच्या मागच्या बाजूला, दोन पोत्यांच्या मध्ये, एक तीन अश्वशक्तीची मोटार होती. जळालेली. तो वास मला टेबलापर्यंत आला.

"तेवढा अर्ज बघून ठेव," गुरुजी म्हणाले. "मी पुढच्या फाट्यावर मोटार टाकून येतो. ऊस वाळून राह्यला."

"गुरुजी, मोटार मला द्या."

गुरुजी हसले. मग मी हसत नाही हे पाहून थांबले. "तुला? अरे, तुझं अक्षर सबंध शाळेत एक नंबर होतं. हे काय हात काळे करायचे काम आहे का तुझं?"

"शिकलोय गुरुजी. पहिला आलो."

"पहिला येणारच. पण वहीत पहिला येणं येगळं आन् मोटार येगळी. ऊस माझाय, बाळा."

जीपवाल्याने हॉर्न वाजवला. "गुरुजी, ठेवायची का न्यायची? जल्दी सांगा. सीटा बसल्यात."

आई कधी आली ते मला दिसलं नाही. भाकरीचं गाठोडं तिने टेबलावरच्या अर्जांवर ठेवलं. गुरुजींसमोर ती कधी मोठ्याने बोललेली मला आठवत नाही. त्या दिवशीही मोठ्याने बोलली नाही.

"गुरुजी," ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल्ता, ह्याच्या कॉलरीवर डाग दाखवा म्हणून."

"म्हणाल्तो."

"तवापासून मी डाग पडू दिला न्हाई. त्यानंच पोराचं दुकान बसलं. गावात मला बाया म्हणतात, तुझ्या पोराला शर्ट मळायची भीती वाटती. डागाचं मी बघते. मोटारीचं ह्याला बघू द्या."

आईने पदर खोचला, जीपच्या मागे गेली आणि मोटारीला हात घातला. मी धावलो. दोघांनी मिळून ती खाली घेतली. तिच्या फिकट निळ्या लुगड्यावर खांद्यापासून कमरेपर्यंत एक काळा पट्टा उठला. तिने तो पाहिला, आणि पाहून झाल्यावर मोटारीची दुसरी बाजू उचलली.

"न्हाई गुरुजी, तुम्ही आता इथंच बसणार न?" जीपवाल्याने विचारलं. "मंग सीट दुसऱ्याला देतो."

गुरुजी बसले. वार्निशचा डबा उपडा घालून, माझ्यापासून हातभर अंतरावर, चष्मा लावून. इतके दिवस ज्या अविश्वासाची मी वाट बघत होतो तो समोर येऊन बसला होता. मी खुंटीवरचा, आईने धुतलेला हिरवा शर्ट चढवला.

जुनी तार काढली, वेढे मोजले, अठ्ठेचाळीस भरले. बारा गुंडाळ्या करायच्या, प्रत्येकीला अठ्ठेचाळीस वेढे. मी लाकडी साच्यावर तार गुंडाळायला लागलो आणि मनात मोजू लागलो. गुरुजी म्हणाले, "मोठ्यानं मोज. मनातलं गणित मी कधी धरलं न्हाई."

मी मोठ्याने मोजू लागलो. चाळीस वर्षांच्या सवयीने गुरुजीही माझ्याबरोबर म्हणू लागले. गुरुजींचा आवाज वर्गाबाहेर जाणारा. फाट्यावर एस.टी.ची वाट बघणारी दोन-तीन माणसं दारात आली. त्यातला एक आमच्याच शाळेचा, गुरुजींच्या हातचा मार खाल्लेला. त्याच्याही तोंडून आपोआप "तेवीस, चोवीस" सुरू झालं. चौथ्या गुंडाळीला दारात दहा जण होते आणि सगळे मोजत होते. मधेच कोणीतरी सत्तावीस दोनदा म्हणालं.

"सत्तावीस झाले का अठ्ठावीस?" गुरुजींनी विचारलं.

यावर मतभेद झाला. एका बाईचं ठाम म्हणणं होतं की एकोणतीस. तिची एस.टी. समोरून निघून गेली, तरी ती आपल्या आकड्यावरून हटली नाही.

"परत एकपासून," गुरुजी म्हणाले.

मी तार उकलली. केंद्रात उकलण्याचा मला चांगला सराव झालेला होता.

नवव्या गुंडाळीला मामा आले, दोरी घेऊन. मोजायला जागाच नव्हती. शेडमध्ये माणसं बसलेली. मामा उभे राहून ऐकू लागले. "चाळीस, एक्केचाळीस," आणि त्यांनीही ओठ हलवायला सुरुवात केली. दोरी त्यांनी खिशात घातली. संध्याकाळपर्यंत गुंडाळ्या खाचांत बसवल्या, दोऱ्याने बांधल्या. दुसऱ्या दिवशी जोडण्या केल्या, वार्निश दिलं आणि मोटार दिवसभर उन्हात ठेवली. जालन्याचं वैशाखातलं ऊन वार्निश वाळवण्यासाठीच केलेलं आहे, असं माझं मत आहे. चरक आणायला मामा त्या दिवशी गेले नाहीत. उद्या बघू, म्हणाले.

अक्षय्य तृतीयेच्या सकाळी आम्ही ती मोटार गुरुजींच्या विहिरीवर बसवली. मोजणाऱ्यांपैकी निम्मे आले होते. आपण मोजलेली मोटार चालते का हे त्यांना बघायचं होतं. मामा होते. आईही होती, थोडी लांब, बांधावर. मी बटण दाबलं. मोटार सुरू झाली, आवाज स्वच्छ, कुठे थरथर नाही. सगळ्यांनी पाइपाच्या तोंडाकडे पाहिलं.

पाणी आलं नाही. पाइपाने नुसती गुळगुळ केली.

मामांचा हात खिशाकडे, दोरीकडे गेला. गुरुजींनी चष्मा काढला. मला त्या क्षणी माझ्या वहीचं ते पान दिसलं, लाल रेघेसकट: जोडल्यावर आधी फिरण्याची दिशा बघावी. मी बघितली नव्हती. मोटार उत्तम चालत होती, फक्त उलटी.

मी बटण बंद केलं, मेन उतरवला, स्टार्टरचं झाकण उघडलं, तीनपैकी दोन तारा अदलाबदल केल्या आणि परत बटण दाबलं. आधी पाइप खोकला. मग थोडं गढूळ पाणी आलं, मग मनगटाएवढी धार पडली ती थेट उसाच्या चारीत.

"रीत बरोबर, उत्तर उलटं," गुरुजी म्हणाले. "पहिल्या खेपेला मी अर्धे गुण दिले असते. स्वतः शोधून दुरुस्त केलं म्हणून पूर्ण." आणि त्यांनी खिशातून पेन काढून माझ्यापुढे धरलं.

मी हात पुढे केला. हात काळा होता, शर्ट छातीपासून खालपर्यंत काळा होता, आणि कॉलर तर विचारूच नका. गुरुजींनी कॉलरीकडे पाहिलं. मग बांधाकडे पाहून म्हणाले, "माय, आज दाखवला बघा डाग."

आई पदराने तोंड पुसत होती. घाम होता असं ती म्हणते.

मामा परत जाताना माझ्याबरोबर चालले. म्हणाले, "चरकाला बी मोटार लागती, न्हाई का भाचे?"

"लागते, मामा."

"मंग चरक मी लिंबाखाली टाकतो. शेड राहू दे." थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "पण मोजताना मला बोलव. त्या बाईचं सत्तावीसच बरोबर होतं, मी दुसऱ्या दिवशी आल्यावर ऐकलं."

ती बाई एकोणतीस म्हणाली होती आणि मामा त्या वेळी तिथे नव्हते. पण मी वाद घातला नाही. शेड मिळालं होतं.

त्या संध्याकाळी मी शर्ट काढून दगडाजवळ टाकला. आई नेहमीप्रमाणे बादली घेऊन बसली. मी आत जाऊन पडलो. ब्रशचा आवाज ऐकायची मला सवय आहे. तो आला नाही.

सकाळी खुंटीवर दोन शर्ट होते. एक पांढरा, माझ्या कागदपत्रांसाठी, कारण अर्जवाले काही यायचे थांबणार नव्हते. दुसरा हिरवा. ऑइल, वार्निश, गुरुजींच्या विहिरीचा चिखल, सगळं जिथल्या तिथे होतं. साबणाचा एक थेंबसुद्धा त्याला लागलेला नव्हता. पण त्याला कडक इस्त्री केली होती. कॉलर ताठ, बाहीला सुरीसारखी धार. डाग सपाट होऊन चमकत होते.

"धुतला न्हाई," आई म्हणाली. "तुला लागतो तसा ठेवला."

"मग इस्त्री कशाला?"

मीच सत्तावीस दोनदा म्हणालो असल्यासारखं तिने माझ्याकडे पाहिलं. "चुरगळलेला घालून जातू का मंग? ग्रॅज्युएट आहेस."

इस्त्रीच्या तळाला तेव्हापासून एक काळा ठिपका आहे. तो माझ्या प्रत्येक पांढऱ्या शर्टावर कुठे ना कुठे उमटतो. आई तो रोज घासून काढते, आणि दुसऱ्या दिवशी इस्त्री करताना परत उमटवते.